पहिला साप निवडताना: शांत कोणता आणि नुसता गोठलेला कोणता

हौसेनं घेतलेले आणि मग झेपेनासे झालेले साप माझ्याकडे येतात. मी त्यांना खायला लावते, हाताची सवय लावते आणि चांगलं घर सापडलं की देऊन टाकते. गंमत म्हणजे त्यातले बहुतेक ‘नवशिक्यांसाठी सर्वांत शांत’ म्हणून गाजलेल्या जातींचेच असतात. ‘हा चावरा निघाला’ म्हणून आणून दिलेला बॉल पायथन नीट ऊब आणि लपायला जागा मिळाली की काही आठवड्यांत मनगटाला सैल विळखा घालून बसतो. उलट ‘फार गरीब आहे हो, हूं की चूं करत नाही’ असं म्हणून दिलेला एखादा पोटात दोन-चार उंदीर गेले की फुत्कारून अंगावर येतो. तो गरीब कधीच नव्हता. उपाशी आणि गारठलेला होता.

म्हणून ‘सगळ्यात शांत साप कोणता?’ असं कोणी विचारलं की मी लगेच जातीचं नाव सांगत नाही. जात महत्त्वाची आहेच, तिच्याकडे पुढे येते. पण समोर असलेला हा एक साप शांत आहे की भीतीनं थिजलाय, हे आधी ओळखता आलं पाहिजे. साप डोळे मिटत नाही, त्याला पापण्याच नसतात. कान टवकारत नाही, कण्हत नाही, चेहऱ्यावर काही दिसत नाही. त्यामुळे पाहणारा आपल्याला हवं ते त्याच्यात पाहतो, आणि न हलणारा साप त्याला शांत वाटतो.

आणखी एक, साप लळा लावेल ही आशा सोडून द्या. तो हाताला सरावतो, हा हात आपल्याला खात नाही एवढं शिकतो, आणि ऊब मिळते म्हणून थांबतो. मला तेवढं पुरतं. ज्यांना पुरणार नाही त्यांनी दुसरा प्राणी पाळावा, हे मी तोंडावर सांगते. पण सापाच्या बाजूनं हेही सांगते की तो डूख धरत नाही. चावला तर त्याला भीती वाटली असेल किंवा खाणं आलंय असं वाटलं असेल. बिनविषारी पाळीव साप याशिवाय तिसऱ्या कारणानं सहसा चावत नाही.

आधी नुसतं पाहा

साप ज्याच्याकडून घ्यायचा त्याला पेटीचं झाकण उघडायला सांगा आणि दोघंही थोडा वेळ काहीच करू नका. हात आत घालायचा नाही, काचेवर टिचक्या मारायच्या नाहीत. सापाच्या जिभेकडे लक्ष ठेवा.

जीभ हे त्याचं नाक आहे. हवेतले कण ती टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत नेते आणि तिथे वास कळतो. निवांत, कुतूहल असलेला साप जीभ लांब बाहेर काढतो, वर-खाली सावकाश हलवतो, आत घेतो. डोकं उचलून तुमच्या दिशेनं वळतो, नाहीतर आपलं काम चालू ठेवतो. घाबरलेल्याची जीभ बंद पडते. अंग जिथे आहे तिथेच थिजतं, श्वासानं बरगड्या भराभर वर-खाली होताना दिसतात, मान मागे ओढली जाऊन तिचा इंग्रजी ‘एस’ होतो. ही मान म्हणजे झेप घ्यायची तयारी. एवढं दिसलं तर त्या दिवशी हात लावू नका, मग मालक ‘काही करत नाही हो’ असं कितीही म्हणो.

बॉल पायथनची तऱ्हा वेगळी. भ्यायला की तो डोकं मधोमध खुपसून स्वतःचा घट्ट गोळा करतो. त्याच्या नावात बॉल आला तो यामुळेच. हा गोळा हातावर घेऊन लोक फोटो काढतात, ‘किती गोड, किती शांत’ म्हणतात. आत त्या जिवाचा भीतीनं कडेलोट झालेला असतो. बॉल पायथन घेताना गोळा झालेला पाहून निर्णय करायचा नाही. तो उलगडतो कधी, हे पाहायचं.

नंतर मालकालाच साप उचलू द्या. उचलण्याच्या क्षणी बहुतेक साप दचकतात, त्यात काही वावगं नाही. मी पाहते ते पुढचं: दचकला तर सावरतो किती लवकर? पहिल्या अर्ध्या मिनिटात कडक झालेलं अंग दोन-तीन मिनिटांत सैल पडलं, जीभ पुन्हा चालू झाली, शेपटीनं बोटाला हलका आधार घेतला, तर तो जीव चांगला आहे. पाच मिनिटांनंतरही अंग ताणलेल्या दोरीसारखं राहिलं, किंवा तो झटके देत हातातून निसटायलाच बघत राहिला, तर मी दुसरा साप दाखवायला सांगते. नवशिक्यासाठी माझी खरी कसोटी ही एकच. कधीच न दचकणारा साप शोधत बसू नका, लवकर सावरणारा शोधा.

चालण्यातला फरकही समजून घ्या. कॉर्न स्नेक हातात स्वस्थ बसत नाही, एका हातातून दुसऱ्या हातात सरकत राहतो. ते पळणं नव्हे. चाल एकसारखी, संथ असेल आणि मध्येमध्ये थांबून वास घेत असेल तर तो फिरतोय. चाल तुटक, मध्येच उसळी, मध्येच उलटं वळण, असं असेल तर पळतोय. शेपटीचं टोक थरथरवणं, शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून घाणेरडा वास सोडणं, फुत्कार, या तर उघड सूचनाच आहेत.

सापाचे डोळे दुधाळ, निळसर दिसत असतील तर तो कात टाकायच्या बेतात आहे. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि गरीब सापही चिडका होतो. अशा वेळी केलेली परीक्षा खरी मानू नका. कात टाकून झाल्यावर पुन्हा जा.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. साप स्वतःच्या शरीराची ऊब तयार करत नाही. गार जागी ठेवला की तो मंदावतो आणि मंदावलेला साप अगदी शहाण्या बाळासारखा वागतो. आजारी, अशक्त सापही तसाच. म्हणून पेटीतलं तापमान विचारा, शक्य असेल तर उबदार बाजूला हात लावून पाहा. मग तब्येत. अंगाचा मधला भाग भरीव आणि गोलसर हवा, पाठीचा कणा टोकदार वर आलेला नको. नाकपुडीवर बुडबुडे, उघडं तोंड, श्वासाबरोबर सतत घरघर, ही छातीच्या आजाराची लक्षणं. हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला किंवा पाण्याच्या भांड्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक परजीवी आहेत. एका सापावर दिसले म्हणजे तिथल्या सगळ्यांवर आहेत असं धरून चाला. डोकं वारंवार आभाळाकडे वळवून तसंच ठेवणारा साप मज्जासंस्थेच्या आजाराचा असू शकतो. तो घेऊ नका, आणि त्याच्या शेजारच्या पेटीतलाही नको.

जातींबद्दल, माझ्या मतांसकट

बहुतेकांना मी कॉर्न स्नेकच सुचवते. मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातला, साधारण ९० ते १५० सेंटिमीटर वाढणारा, बिनविषारी, नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगणारा. खाण्याचे नखरे नाहीत, हवेतल्या दमटपणाबद्दल फारशी तक्रार नाही, उबदार कोपरा २९-३० अंश आणि दुसरी बाजू २३-२४ असली की झालं. त्याची केशरी पाठ आणि पोटावरचा काळा-पांढरा पट पाहिला की सापांना भिणारी माणसंही जवळ सरकतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पिल्लू काडीएवढं बारीक आणि भित्रं असतं. ते पिल्लूपणी शेपटी थरथरवेल, खोटी झेपही घेईल. आणि पेटीला बोट जाईल एवढी फट असली तर कॉर्न स्नेक रातोरात नाहीसा होतो. झाकणाला कडी हवीच, नुसतं जड झाकण पुरत नाही.

बॉल पायथन कॉर्नच्या अगदी उलट. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बुटका, जाडजूड साप. नर मीटरभराच्या आसपास, माद्या दीड मीटरपर्यंत. संथ, जड, हातात घेतला की बसून राहणारा. ज्यांना हातातून सरकणारा साप नको वाटतो त्यांना हा आवडतो. माझ्याकडे एक कायमचाच राहिलाय, त्याचं नाव गाठोडं. पण बॉल पायथनला दमट हवा लागते, लपायच्या जागा अगदी अंगाला घट्ट बसणाऱ्या लागतात, आणि मुख्य म्हणजे तो उपास करतो. तब्येत ठणठणीत असूनही काही महिने अन्नाला तोंड लावत नाही. वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नसतं, पण नवशिक्याचा धीर सुटतो. तो रोज पेटी उघडतो, रोज शिकार पुढे करतो, साप आणखी बिथरतो. माझ्याकडे येणाऱ्या ‘चावऱ्या’ बॉल पायथनांमागे बहुतेक वेळा हीच कहाणी असते. ज्यांना वाट पाहता येत नाही त्यांनी हा साप घेऊ नये.

आयुष्याचाही विचार करा. वीस ते तीस वर्षं ही बॉल पायथनसाठी नेहमीची गोष्ट. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या एका मादीनं २०२० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. आज दहावीत असलेल्या मुलासाठी साप घेताय, तो नोकरीला लागून गाव सोडेल तेव्हा सापाचं काय, हे आजच ठरवा.

बॉल पायथन रंगीबेरंगी ‘मॉर्फ’मध्ये, म्हणजे वेगवेगळ्या रंग-नक्षीच्या प्रकारांत मिळतात. त्यातला ‘स्पायडर’ नावाचा मॉर्फ घेऊ नका. त्या रंगाच्या जनुकाबरोबर मज्जासंस्थेचा दोष येतो, डोकं डुलतं, शिकारीवर नेम लागत नाही. विकणारा ‘थोडंसंच डुलतं’ म्हणेल. सौम्य असलं तरी दोष तोच.

फारसा कोणी न विचारणारा, पण मला मनापासून आवडणारा साप म्हणजे रोझी बोआ. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या आणि मेक्सिकोच्या कोरड्या भागातला. बहुतेक दोन-तीन फुटांत आटोपतो, चालतो संथ, आणि घाबरून चावायची त्याला जवळपास सवयच नाही. चावला तर तो भुकेनं, बोटाला शिकार समजून. कोरडी पेटी आणि छोटं पाण्याचं भांडं, एवढ्यात तो खूश. लहान जागा आणि शांत साप, दोन्ही हवं असेल तर हा शोधा. मिळायला वेळ लागेल, थांबा.

केनियन सँड बोआ त्याहून लहान, नर तर दीड फुटाच्याही आत. गरीब आहे, पण दिवसभर वाळूत गाडून घेतो. तुम्ही पाहुण्यांना पेटी दाखवाल आणि पाहुण्यांना वाळू दिसेल. वाळूवरून बोट सरकवलं तर खालून बाजूला सटकन डोकं मारेल, कारण तो शिकार तशीच करतो. वरून चिवडू नका. ओंजळीनं वाळूसकट उचला, मग काही बोलत नाही.

कॅलिफोर्निया किंगस्नेक देखणा आणि दणकट. रानात तो दुसरे सापही खातो, रॅटलस्नेकचं विष त्याला फारसं बाधत नाही. याचा अर्थ तुम्हाला समजला असेल: त्याला कायम एकटा ठेवायचा. तसं तर या यादीतल्या सगळ्यांनाच एकेकटं ठेवलेलं बरं, साप सोबतीवाचून झुरत नाहीत. किंगस्नेक हातात आल्यावर चांगला वागतो, पण पेटी उघडली की ‘खाणं आलं’ म्हणून समोर येईल त्याला तोंड लावतो. माझ्याकडच्या हावरटनं पाण्याच्या भांड्याच्या काठालाही दात लावून पाहिलेत. हे ज्याला हसून घेता येईल त्यानं घ्यावा.

वेस्टर्न हॉगनोज हा नाटक्या. मान चपटी करतो, फूं फूं करतो, बंद तोंडानंच टकरा मारतो, आणि कशानंच भागलं नाही तर उताणा पडून, जीभ बाहेर टाकून मेल्याचं सोंग करतो. मुलांना हा फार आवडतो. पण त्याच्या जबड्यात मागच्या बाजूला मोठे दात असतात आणि लाळेत सौम्य विष असतं. अन्न समजून बोट चघळत राहिला तर काहींचा हात चांगलाच सुजतो. जीव जात नाही, पण पहिला साप म्हणून मी सुचवत नाही.

गार्टर स्नेक दिवसा जागा असतो, त्यामुळे पाहायला मजा येते. हातात घ्यायला चपळ, आणि वास सोडण्यात तरबेज. पाहण्यासाठी पाळायचा असेल तर उत्तम.

आता मोठे. बोआ कन्स्ट्रिक्टर स्वभावानं बरेचदा बॉल पायथनइतकाच शांत असतो, पण मादी सहा ते आठ फूट वाढते. सहा फुटांच्या शांत सापालाही सांभाळायला दोन माणसं हवीत. बर्मी आणि जाळीदार अजगरांचा तर नादच नको. पिल्लू असताना ते गोंडस असतात आणि काही वर्षांत पंधरा फूट होतात. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले आणि सुटलेले, सोडलेले बर्मी अजगर इतके फोफावले की तिथल्या सस्तन प्राण्यांची संख्या कोसळली. २०१२ मध्ये अमेरिकेनं त्यांच्या आयातीवर बंदी घातली. झाडावर राहणारे हिरवे अजगर आणि एमरल्ड बोआ हे फोटोत पाहायचे साप. दात लांब, मिजास मोठी.

कोणाकडून, केवढा

पहिलं काम कायद्याचं. भारतासह अनेक देशांत रानातला स्थानिक साप पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. परदेशी जातींसाठी कुठे परवाना, कुठे नोंदणी लागते. अजगर आणि बोआ कुळातले साप ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात, म्हणजे सीमेपलीकडून आलेल्याला कागद हवेत. कागद मागितल्यावर जो विषय बदलतो त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

कायदा एका बाजूला ठेवला तरी रानातून धरलेला साप शांत नसतो, एवढं कारण मला पुरे आहे. त्याच्या अंगात जंत असतात, अंगावर गोचीड असतात, बंद पेटी त्याला सोसत नाही, तो खात नाही. मानवी देखरेखीत अंड्यातून किंवा पोटातून जन्मलेला साप माणसाचा वास, पेटी, आवाज हे सगळं पहिल्या दिवसापासून ओळखतो. आईबाप दाखवणारा, जन्माची तारीख सांगणारा, कधी काय खाल्लं आणि कात कधी टाकली याची वही ठेवणारा माणूस शोधा. ती वही मला सापापेक्षा आधी पाहायची असते.

त्या वहीत मी हे शोधते: गोठवून, मग कोमट केलेला मेलेला उंदीर खातो का? सलग किती वेळा खाल्ला? खाल्लेलं कधी ओकला का? जिवंत उंदरावरच पोसलेला साप नवशिक्यानं घेऊ नये. जिवंत उंदीर सापाला कुरतडतो, जखमा खोल होतात, आणि असा साप हलणारी प्रत्येक गोष्ट शिकार समजायला लागतो. जमलं तर तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. त्या दिवशी अर्थातच हातात घेता येणार नाही, दोन फेऱ्या होतील. होऊ द्या.

वयाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लोकांना पिल्लू हवं असतं, ‘लहानपणापासून हाताची सवय लागेल’ म्हणून. पण सापाचं पिल्लू म्हणजे रानात ज्याला त्याला खाद्य. भिणं हेच त्याचं शहाणपण. पिल्लाचा स्वभाव पाहून मोठेपणीचा सांगता येत नाही. वर्ष-दीड वर्षाचा, नियमित खाणारा, हाताळलेला साप घेतलात तर स्वभाव समोर दिसतो आणि खाण्याची नाजूक वेळही सरलेली असते. ज्यांना घर हवंय असे मोठे साप तर सगळ्यात उत्तम, त्यांच्याबद्दल लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. नर-मादीनं स्वभावात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, आकारात पडतो.

मागे एक मावशी भाच्याला घेऊन आल्या होत्या. भाच्याला एक झळझळीत पांढरं कॉर्नचं पिल्लू आवडलं. मी त्याच्या हातात साधा केशरी, दोन वर्षांचा साप दिला. मावशी दारातच उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, ‘ताई, मी धरून पाहू का?’ पांढऱ्याचं नाव मग निघालं नाही.

घरी आणल्यावर तो शांत राहावा म्हणून

पेटी सापाच्या आधी तयार हवी, निदान आठवडाभर आधी, म्हणजे तापमान स्थिर होतं का ते कळतं. ऊब देणाऱ्या प्रत्येक साधनाला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवलेल्या अंशावर राखणारं यंत्र, लावायचंच. गरम होणारे नकली दगड वापरू नका, त्यानं पोट भाजतं आणि सापाला लवकर कळतही नाही. लपायच्या जागा दोन, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो सुरक्षितता निवडून गारठतो. ‘अचानक चिडका झाला’ अशी तक्रार आली की मी आधी लपायच्या जागा मोजायला सांगते.

आणल्यावर निदान आठवडाभर हात लावू नका. पाणी बदला, घाण काढा, बाकी काही नाही. दोन-तीनदा नीट खाल्लं की हाताळायला सुरुवात. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग दहा. खाल्ल्यावर पुढचे दोन दिवस सुट्टी, नाहीतर ओकेल. हात नेताना वरून नेऊ नका, वरून येतो तो शिकारी. बाजूनं, सावकाश, अंगाच्या मध्याखालून हात घाला आणि पोटाला आधार द्या. डोकं धरायचं नाही.

हावरट सापांसाठी एक सोपी सवय आहे. पेटी उघडल्यावर कागदाच्या सुरळीनं किंवा सापाच्या हुकानं (साप उचलायच्या वाकड्या टोकाच्या काठीनं) अंगाला हलकेच स्पर्श करायचा आणि मग हात घालायचा. खाणं देताना हा स्पर्श करायचा नाही, लांब चिमट्यानं थेट शिकार पुढे करायची. काही आठवड्यांत त्याला कळतं की स्पर्श झाला म्हणजे आता हात येणार, उंदीर नाही. हात मात्र आधी साबणानं धुवा. उंदराच्या वासाचं बोट उंदीरच असतं.

साप हाताळल्यावरही हात धुवायचे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेत आणि अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर साप घेण्याचा विचार काही वर्षं पुढे ढकला. पेटी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवायची नाही.

आणि चावला तर? कॉर्नचा चावा म्हणजे ओरखडा, बहुतेकदा कळायच्या आत सुटतो. पण खाणं समजून धरलं तर सोडत नाही. तेव्हा हात हिसडू नका. दात आत वळलेले असतात, हिसडलं तर तुमची कातडी फाटते आणि सापाचे दात तुटतात. हात सापासकट गार वाहत्या पाण्याखाली धरा, सुटतो. मग साबणपाणी. सूज चढत राहिली तर डॉक्टर.

काही साप वर्षभर सगळं नीट करूनही हाताला सरावत नाहीत. माझ्याकडे अशी एक मिल्क स्नेक आहे. खाते, वाढते, वेळच्या वेळी कात टाकते, पण हात दिसला की शेपटी थरथरवते. तिला मी कामापुरतीच उचलते, तीही हुकानं. तिची पेटी बैठकीच्या खोलीत आहे, आणि संध्याकाळी ती बाहेर निघाली की आम्ही काचेतून पाहतो. तुमच्या वाट्याला असा साप आला तर त्याच्यामागे लागू नका. हातात घ्यायला दुसरा आणता येईल.